गावात कलादालन आहे, पण गावाचं त्यात काय?

केतकी_स

गेल्या पौषात सासरच्या मंडळींबरोबर औंधला यमाईच्या यात्रेला गेले होते. मूळपीठाचा डोंगर चढताना वाटेत श्री भवानी वस्तुसंग्रहालय लागतं. आमच्यातले निम्मे लोक ‘ते परत येताना बघू’ म्हणून पुढे गेले. परत येताना अर्थातच कुणी थांबलं नाही, कारण खाली पिठलं-भाकरी वाट बघत होती. मी आणि आत्या (माझ्या सासूबाई) तेवढ्या आत गेलो.

आत्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. रविवर्म्याच्या ‘सैरंध्री’समोर आल्या आणि थबकल्या. चित्रकार कोण, कधीचं चित्र, ते त्यांनी विचारलंच नाही. शेजारी एक सहा-सात वर्षांचा अनोळखी पोरगा आजोबांचा हात ओढत होता, त्याला म्हणाल्या, ‘अरे, ही द्रौपदी. राणीनं हिला कीचकाकडं धाडलीय.’ आणि अख्खं विराटपर्व सुरू. पोरगा खिळून ऐकतोय, आजोबा मध्येमध्ये दुरुस्त्या करतायत, आणखी चार बायका येऊन उभ्या. दहा मिनिटं तिथे चक्क पोथी लागली होती.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. मुंबई-पुण्याच्या बाहेरच्या अशा दालनांचं काम नेमकं काय? जपून ठेवणं, की गावाच्या रोजच्या जगण्यात असणं? तुमच्या गावात असं काही आहे का, आणि तुम्ही तिथे शेवटचं कधी गेला होतात? खरं सांगा, शाळेच्या सहली सोडून.

बाणेरचा_बाप्या

औंध म्हणजे ब्रेमन चौकापाशी? तिथे संग्रहालय कधी झालं? 😀

खटावकर

आलं का पुण्याचं औंध! भाऊ, हे आमचं औंध, तालुका खटाव, जिल्हा सातारा. तुमच्या औंधात मॉल हाय, आमच्या औंधात हेन्री मूर हाय.

बाणेरचा_बाप्या

हेन्री मूर कोण? गुगल करून येतो.

नीरजा_त

छान विषय, केतकी. आत्यांचा किस्सा फारच आवडला. प्रामाणिक उत्तर: सोलापूरला माहेरी गेले की दर वेळी ‘या खेपेला काहीतरी बघू’ म्हणते आणि चादरी घेऊन परत येते. वाचतेय.

तर्कटशास्त्री

थोडं कडू बोलतो, गोड मानून घ्या.

संस्थानिकांनी छंद म्हणून गोळा केलेल्या वस्तूंना आपण ‘सांस्कृतिक वारसा’ म्हणतो. माणदेश-खटाव हा दुष्काळी पट्टा. तिथल्या रयतेला इटालियन चित्रांच्या नकलांची आणि हस्तिदंती कलाकुसरीची काय गरज होती? राजाला हवं होतं, राजाने आणलं. आता सरकार सांभाळतंय, म्हणजे आपणच. गावाने मागितलेली नसलेली गोष्ट गावाच्या गळ्यात, आणि वर ‘लोक येत नाहीत’ म्हणून लोकांवरच ठपका.

खटावकर

@तर्कटशास्त्री, राजा कोण व्हता ते तरी बघून या की. भवानराव पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तनं करायचे, सूर्यनमस्कार तर पार विलायतेपतूर पोचवले. १९३५ ला इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. आन १९३९ ला गांधीजींचा सल्ला घिऊन ७२ गावांच्या संस्थानाचा कारभार लोकांच्या हाती दिला, सोताहून. संग्रहालय बांधलं १९३८ ला, म्हंजे त्याच्या आदल्याच साली. सत्ता सोडायच्या तयारीतल्या माणसानं चित्रं दिवाणखान्यात न ठिवता डोंगराच्या वाटंवर ठिवली, ह्येचा काय अर्थ लावायचा तो लावा. माझ्या मतं जागा मुद्दाम निवडलीय. देवीला जाणारा माणूस तिथनंच जातोय.

तर्कटशास्त्री

राजा भला होता हे मान्य. पण भला राजा हासुद्धा राजाच. माझा मुद्दा निवडीचा आहे: भिंतीवर काय लागणार हे कोणी ठरवलं?

माणदेशी_मेंढरू

राजाच्या खर्चाचा हिशेब काढताय तर पुरता काढा. त्याच भवानरावांनी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना माळावर जागा दिली, तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला एक लाख रुपये देऊ केले, तेही १९१८ च्या सुमाराचे लाख. आमचं आटपाडीही औंध संस्थानातलंच. गदिमा शाळेला औंधात होते. वेदांचे पंडित सातवळेकर मुळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार, ते औंधात येऊन राहिले. एवढ्याशा गावात कीर्तनकार, चित्रकार, पाथरवट, वेदपंडित, शाळकरी पोरं सगळे एकमेकांच्या पायात पाय घालून फिरत असणार. संग्रहालय हा त्या गर्दीचा एक कोपरा होता. आज गर्दी गेली आणि कोपरा तेवढा राहिला, म्हणून तो एकाकी वाटतो.

अवांतर: लक्ष्मणराव किर्लोस्करसुद्धा आधी जे. जे.त चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं म्हणून चित्रकला सुटली आणि यंत्रांचं ड्रॉइंग हाती आलं. रंग दिसले असते तर महाराष्ट्र एका नांगराला मुकला असता.

नीरजा_त

किर्लोस्करांचं माहीत नव्हतं! धाग्याचे पैसे वसूल.

खडू_फळा

मी माध्यमिक शाळेत कलाशिक्षक आहे, वीस वर्षं. केतकीताईंनी ‘शाळेच्या सहली सोडून’ लिहिलंय, पण नेमकं सहलीबद्दलच लिहितो, कारण माझ्या मते सगळं तिथेच फसतं किंवा साधतं.

सहल म्हणजे काय असतं? एसटीचा प्रासंगिक करार करायचा, पंचेचाळीस पोरं कोंबायची, सकाळी किल्ला, दुपारी संग्रहालय, संध्याकाळी देऊळ. संग्रहालयात शिरताना ‘हात लावायचा नाही, बोलायचं नाही, रांग सोडायची नाही’. वीस मिनिटांत पोरं दुसऱ्या दाराने बाहेर, गाडीवाल्याकडे पेप्सीकोला चोखत. पुढे आयुष्यभर संग्रहालय म्हटलं की त्यांना फक्त ओरडा आठवतो.

काही वर्षांपूर्वी मी कंटाळून एक प्रयोग केला. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेला बसणारी फक्त बारा मुलं घेऊन औंधला गेलो. नियम एकच: सगळी दालनं फिरा, मग एका वस्तूपाशी जाऊन बसा आणि अर्धा तास तिथून हलू नका. वहीत काहीही काढा. पहिली दहा मिनिटं चुळबुळ. मग शांत.

एक मुलगी एका चित्रातल्या बाईच्या डोळ्याला नाक टेकवायचंच बाकी होतं. मला बोलावून म्हणाली, ‘सर, डोळ्यात पाणी आणलंय ते नुसता पांढरा ठिपका देऊन. लांबून पाणी दिसतं, जवळून चुना दिसतो.’ हे मी वर्गात फळ्यावर दहा वेळा सांगितलं होतं. फळ्यावर सांगून ते कळत नाही, कारण पुस्तकातल्या छापील चित्रात तो ठिपका दिसतच नाही. मूळ चित्र जवळ असण्याचा फायदा हा. दुसऱ्या एकाने कुठलंच चित्र न काढता दाराशी काढून ठेवलेल्या पायताणांची रांग काढली. मी काही बोललो नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे, पायताणं अप्रतिम आहेत.

आणि इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं आई-मूल. मुलं त्या दगडी शिल्पापाशी आधी हसली. एकाने विचारलं, ‘हे अर्धवट राहिलंय का?’ मी म्हटलं, तूच सांग. बराच वेळ बघून म्हणाला, ‘नाही. आई दगडाचीच हाय, तिनं बाळ धरलंय म्हणून ती आई दिसतीय.’ मी जे. जे.त शिकलोय, मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

@तर्कटशास्त्री, माणदेशातल्या पोराला मूरची काय गरज, याला माझं उत्तर तो मुलगा.

लीड्सकर

@खडू_फळा, सर, अंगावर काटा आला. मी गेली अकरा वर्षं लीड्समध्ये आहे, मूळचा कराडचा. मूर इथलाच: कासलफर्डच्या खाणकामगाराचा मुलगा, पहिल्या महायुद्धातून परत आल्यावर १९१९ मध्ये लीड्सच्या आर्ट स्कूलमध्ये शिकला. लीड्स आर्ट गॅलरीच्या दारातच त्याची एक आडवी पहुडलेली बाई आहे. तिच्या आसपास दुपारी हापिसातले लोक डबे खात बसतात. कोणी तिच्याकडे बघत नाही, म्हणजे ती घरचीच झालीय.

गॅलरी १८८८ ची, नगरपालिका चालवते, आत जायला पैसे नाहीत. आत टाइल्ड हॉल म्हणून कॅफे आहे. जुन्या टाइल्सचं छत मध्ये कित्येक वर्षं खोट्या छताच्या वर दडलं होतं, ते नंतर मोकळं केलं. मी पहिल्यांदा गेलो तो पावसापासून लपायला, दुसऱ्यांदा चहाला, आणि तिसऱ्यांदा लेकीला बाबागाडीत झोपवायला, कारण फरशी गुळगुळीत आणि आवाज नाही. चित्रं बघायला म्हणून गेलो तो बहुधा सातव्यांदा. कराडला असताना पन्नास किलोमीटरच्या आत मूर होता हे मला लीड्सला येऊन कळलं, याची लाज वाटते.

तर्कटशास्त्री

लीड्सला नगरपालिकेकडे पैसे आहेत. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड. तुलना कशाला?

पण @खडू_फळा यांचा किस्सा आवडला, हे नोंदवतो.

नीरजा_त

तर्कटशास्त्रींना काहीतरी आवडलं. स्क्रीनशॉट काढून ठेवा रे कुणीतरी.

रंग_उडालेला

कलादालन आहे पण गावाचं नाही, याचा स्वानुभव. गावाचं नाव घेत नाही, जिल्ह्याचं ठिकाण आहे एवढं पुरे.

माझ्या जलरंगांचं प्रदर्शन भरवलं होतं, चार दिवस. बुकिंगच्या वेळी आधीच्या नोंदी बघितल्या: साड्यांचा भव्य सेल, साड्यांचा भव्य सेल, वधूवर मेळावा, आयुर्वेदिक तपासणी शिबिर, साड्यांचा भव्य सेल. चित्रं टांगायच्या पट्टीचे हूक साडीवाल्यांनी हँगरसाठी वाकवून ठेवलेले. दिव्यांपैकी तीन चालू, तेही माझ्या चित्रांवर नाही, कोनशिलेवर. उद्घाटनाला पाहुणे दीड तास उशिरा आले, फीत कापली आणि एकही चित्र न बघता फरसाण खाऊन गेले.

चार दिवसांत अभिप्राय वहीत एकतीस सह्या, त्यातल्या बावीस ‘खूप छान’. एक काका रोज यायचे. मला वाटलं, रसिक. चौथ्या दिवशी कळलं, शेजारच्या कचेरीत त्यांचं काम अडकलंय आणि आमच्याकडे पंखा होता. जाताना म्हणाले, ‘चित्रं बरी काढता. आमच्या देवघराला रंग द्यायचाय, स्क्वेअर फुटाचा काय भाव?’

गंमत म्हणजे तेच काका माझ्या एका चित्रापाशी रोज उभे राहायचे, ओढ्याकाठचं आंब्याचं झाड. ते झाड त्यांच्या भावकीच्या वादात तुटलं होतं. हे त्यांनी देवघराचा भाव विचारल्यावर सांगितलं. मी चित्र त्यांना देऊन टाकलं. देवघर मात्र नाही रंगवलं.

केतकी_स

@रंग_उडालेला, हसावं की रडावं कळेना. काका माझ्या आत्यांचे नातेवाईक असावेत.

रंकाळ्याकाठी

कोल्हापूरकर अजून कसे आले नाहीत म्हणत असाल, तर आलो.

आमच्याकडे टाउन हॉलचं म्युझियम आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ च्या उत्खननात सापडलेला ग्रीक समुद्रदेव पोसायडन तिथे ठेवलाय, आणि आबालाल रहिमानांची चित्रंही. बाहेरची बाग आणि झाडी इतकी छान की निम्मं कोल्हापूर बागेत बसून जातं, आत जात नाही. राजारामपुरी सातव्या गल्लीत चंद्रकांत मांढरे कलासंग्रहालय. पडद्यावर राजे झालेले मांढरे निसर्गचित्रंही काढायचे हे नव्या पिढीला सांगावं लागतं. त्यांनी आपलं राहतं घर चित्रांसकट सरकारला दिलं. गल्लीतल्या घरात चित्रं बघण्यात वेगळीच मजा आहे, शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास खिडकीतून येतो.

आबालाल तर पुऱ्या कोल्हापूरचे मामा. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार, १९३१ मध्ये गेले. महाराज गेल्यावर त्यांनी स्वतःची चित्रं कोटितीर्थ तलावात बुडवली असं आमच्याकडे आजही सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण एखाद्या चित्रकाराबद्दल पानपट्टीवर दंतकथा चालते ना, तिथे कला समाजात मुरलीय असं मी समजतो. इमारत नंतर. रविवारी सकाळी रंकाळ्यावर या, बोर्ड मांडीवर घेऊन बसलेली पोरं दिसतील आणि त्यांच्या मागे उभे राहून ‘पाणी जरा निळं कर’ सांगणारी म्हातारी माणसंही.

बाणेरचा_बाप्या

गुगल करून आलो. आधीची चेष्टा मागे घेतो. पुण्यात एवढी दालनं असून मी बालगंधर्वच्या कलादालनात नाटकाच्या तिकिटांची रांग लांब असेल तेव्हाच जातो. पण जातो.

पणजीचो_पात्रांव

गोव्यातून हजेरी. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत सुबोध केरकरांचं म्युझियम ऑफ गोवा आहे, २०१५ पासून. कारखान्यांच्या शेडमध्ये मधोमध. टेंपोवाल्याला पत्ता विचारला तर तो आधी हसतो आणि मग बरोबर नेऊन सोडतो.

ब्रश_नंबर_आठ

दोन दिवस वाचतोय, आता लिहितो. मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखनाला माफी.

माझे वडील पेंटर होते. चित्रकार नव्हे, पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’, शाळेच्या भिंतीवर नकाशे, निवडणुकीत भिंती, तमाशाच्या कनाती, गणपतीत मंडळाचे देखावे. पाटीच्या खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सही. अक्षर काढताना डाव्या हाताखाली एक बांबूची काठी धरायचे, टोकाला चिंधीची गुंडी बांधलेली, म्हणजे ओल्या रंगाला हात लागत नाही. दोरीला खडू घासून फटका मारला की फळीवर सरळ रेघ. ‘श्र’ काढताना श्वास रोखायचे. आम्हा भावंडांना तेव्हा बोलायची बंदी होती.

मग फ्लेक्स आला. दोन-तीन वर्षांत सगळं संपलं. वडिलांनी उरलेली वर्षं घरांना डिस्टेंपर मारला.

तर्कटशास्त्रींचा ‘भिंतीवर काय लागणार हे कोणी ठरवलं’ हा प्रश्न मला बरोबर वाटतो, पण उत्तर वेगळं सुचतं. राजानं त्याच्या काळात त्याच्या आजूबाजूचं घेतलं, बाहेरचंही घेतलं. त्यानंतर आमच्याकडच्या कुठल्या दालनानं आजूबाजूचं काय घेतलं? माझ्या वडिलांची एक पाटी मी वाचवलीय, पत्र्याची, एका पिठाच्या गिरणीची. गिरणीवाला भंगारात देत होता, चाळीस रुपयांना आणली. ती कुठे द्यायची? कोण घेईल? बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांना नाटकाचे पडदे रंगवले म्हणून कोल्हापूरनं बाबूराव पेंटर म्हटलं आणि आज ते कलामहर्षी. बाकीचे पेंटर भंगारात.

नीरजा_त

@ब्रश_नंबर_आठ, काही सुचत नाही लिहायला. पाटीचा फोटो टाकाल का?

खडू_फळा

ती काठी म्हणजे आमचा हातटेकू. जे. जे.तही तीच वापरायचे. दोन्हीकडे अवजार एकच.

तर्कटशास्त्री

@ब्रश_नंबर_आठ, मी ज्या गोष्टीभोवती फिरत होतो ती तुम्ही नेमकी सांगितलीत. माझी भांडणाची सवय नडली. अशा पाट्यांचं प्रदर्शन कुठे भरलं तर मी स्वतः खर्चाने येईन, आणि अभिप्राय वहीत ‘खूप छान’ लिहिणार नाही.

जहांगीरची_रांग

मुंबईहून. आम्ही १९५२ पासून जहांगीर आर्ट गॅलरी घेऊन बसलोय. तारखेसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं थांबणारे मित्र आहेत. एकाने अर्ज केला तेव्हा मुलगी बालवाडीत होती, तारीख आली तेव्हा ती कॅप्शन लिहून देत होती. प्रत्येक जिल्ह्यात एक धड दालन असतं तर ही रांग अर्धी झाली असती. आणि तिथलं समोवार कॅफे २०१५ मध्ये बंद झाल्यापासून रांगेत थांबायलाही मजा नाही.

माणदेशी_मेंढरू

धाग्याचा मूळ प्रश्न राहू नये म्हणून एक सूचना. @रंग_उडालेला यांना हूक वाकलेलं दालन मिळालं तसं बऱ्याच तालुक्यांत मिळेल. @ब्रश_नंबर_आठ यांच्याकडे पाटी आहे. माझ्या मामांच्या गावी एका बंद केशकर्तनालयाची आहे, तिच्यावर राजेश खन्ना आहे असं मामांचं म्हणणं, मला तो निळू फुले वाटतो. असे सगळे मिळून पंधरा-वीस पाट्या सहज निघतील. साडीवाल्यांच्या दोन सेलच्या मध्ये चार दिवस.

खटावकर

माझ्याकडं ट्रॉलीची फळी हाय. ‘बघतोस काय, मुजरा कर’. सही वाचता येती.

रंग_उडालेला

बुकिंग मी करतो. हूक सरळ करायला पक्कडही आणतो. देवघरवाल्या काकांनाही निरोप देतो.

खडू_फळा

माझी बारा मुलं येतील. इंटरमीजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला सात मार्क, त्यामुळे पालक परवानगी देतात. अर्ध्या तासाचा नियम लागू.

लीड्सकर

मे महिन्यात येतोय सुट्टीवर. तारीख त्या सुमाराला धरता आली तर बघा.

ब्रश_नंबर_आठ

पाटीचा फोटो काढला, पण ‘गिरणी’वर उजेड पडून अक्षरं नीट येईनात. उद्या सकाळी अंगणात काढतो.

एक विचारायचं होतं. पाटीच्या डाव्या कोपऱ्यात गंज चढलाय. घासून काढू की तसाच ठेवू? वडील असते तर रंगवूनच काढली असती.

केतकी_स

तसाच ठेवा. आणि पाटी कुठे लावायची ते आत्यांना विचारून सांगते. त्या म्हणतायत, ‘दारातच लावा, गिरणी म्हटल्यावर बायका आत येतील.’